शिवणवर्ग आणि पॅटर्न: लहान व्यवसाय पायरीपायरीने कसा वाढवावा

शिवणवर्ग बरा चालू लागला की बहुतेक शिक्षिकांच्या मनात आणखी दोन मशिने घेण्याचा विचार येतो. माझ्याही मनात तोच आला होता. दादरला भाड्याच्या एका खोलीत तीन शिलाई मशिनांवर वर्ग सुरू केला आणि दुसऱ्या वर्षी आणखी दोन आणली. त्यामुळे बेतण्याचे टेबल भिंतीला टेकले आणि विद्यार्थिनींना जमिनीवर बसून कापड बेतावे लागू लागले. मिळकत मात्र होती तेवढीच राहिली, कारण शिवण शिकताना मशीनवर जाणारा वेळ थोडा असतो; माप घेणे, बेतणे, जोडून पाहणे आणि उसवणे यांतच वर्गाचा बहुतांश काळ जातो. मुंबईत जागेसारखी महाग दुसरी वस्तू नाही, तेव्हा पाच विद्यार्थिनींमागे तीन मशिने आणि तिन्ही बाजूंनी फिरता येईल असे, कमरेच्या उंचीचे, चार बाय सहा फुटांचे एक टेबल ही मांडणी मी आता योग्य मानते.

वर्गाची वाढ खोलीच्या क्षेत्रफळावर अडते, परंतु वर्गातून तयार झालेला पॅटर्न, म्हणजे कापड कापण्यासाठीचा कागदी नमुना, त्या खोलीबाहेर जाऊ शकतो. हा लेख त्या वाटेविषयी आहे. शिकवणी आणि पॅटर्नविक्री हे दोन वेगळे धंदे समजून चालवले तर दोन्हींत ओढाताण होते; शिकवणीत सापडलेल्या अडचणींवर पॅटर्न उभा केला तर एक दुसऱ्याला पोसतो, असा माझा अनुभव आहे.

आधी वर्गाचा खरा हिशेब

पॅटर्नकडे वळण्यापूर्वी आपल्या एका तासाची किंमत काय पडते हे ठाऊक असले पाहिजे, कारण पुढे पॅटर्नची किंमत ठरवताना तोच आकडा लागतो. उदाहरणादाखल आठ दिवसांची, रोज दोन तासांची एक तुकडी धरू. समजा, पाच विद्यार्थिनींनी प्रत्येकी ३,६०० रुपये शुल्क दिले, म्हणजे १८,००० रुपये जमा झाले. खोलीचे भाडे दर दिवशी ६०० प्रमाणे ४,८००, सरावाचे कापड, दोरा व खाकी कागद प्रत्येकी ५०० प्रमाणे २,५००, आणि वीज, सुया व मशिनांची देखभाल मिळून ७०० असा ८,००० रुपये खर्च वजा केला की हाती १०,००० राहतात. शिकवण्याचे १६ तास सर्वांना दिसतात. परंतु नमुने कापून ठेवणे, कापड आणायला जाणे, रात्री फोनवर आलेल्या शंकांची उत्तरे देणे यांचे आणखी २४ तास सहज होतात. चाळीस तासांना १०,००० म्हणजे तासाला २५० रुपये. हीच तुकडी तिघींची झाली तर शिल्लक ३,८०० आणि तासाला ९५ रुपये एवढीच राहते. म्हणून किमान चार नावे आगाऊ शुल्कासह आल्याशिवाय तुकडी सुरू करू नये.

विद्यार्थिनी कोणत्या कारणाने येतात हेही आरंभीच विचारून घ्यावे. प्रमाणपत्र हवे असलेल्या मुलीला सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. आपल्या वर्गाच्या छापील कागदाला तसे वजन असल्याचा आभास निर्माण करू नये. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी शनिवार-रविवारचा, स्टेशनपासून चालत येण्याजोगा वर्ग चालतो. लहान मुले असलेल्यांना शाळेच्या वेळेत बसणारा अकरा ते एक हा काळ सोयीचा पडतो. जुलैमध्ये गाड्या बंद पडण्याचे दिवस येतातच, तेव्हा पावसाळ्यातील तुकडीला दोन राखीव दिवस आधीच जाहीर करावेत.

प्रश्नांची वही

एक जाड वही घ्या आणि वर्गात विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न त्याच दिवशी, विचारणारीच्या शब्दांत लिहून ठेवा. "ताई, यातली सुलट बाजू कुठली?", "खाच आधी मारायची की नंतर?", "दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कशा झाल्या?" अशी वाक्ये जशीच्या तशी हवीत, कारण शिकवणाऱ्याने ती सुधारून लिहिली की विद्यार्थिनी नेमकी कुठे अडली ते हरवते. प्रश्नापुढे कपडा, पायरी आणि ती चूक दुरुस्त करायला किती वेळ गेला याची नोंद करावी.

चार-पाच तुकड्यांनंतर ही वही वाचताना काही गोष्टी वारंवार दिसू लागतात. माझ्या वहीत अस्तर न भिजवता कापल्याने पहिल्या धुण्यात ब्लाउज आतून ओढला गेल्याच्या तक्रारी सर्वाधिक होत्या. त्याखालोखाल बाही मुंढ्यात, म्हणजे काखेभोवतीच्या गोलाईत, बसवताना पुढची गोलाई आणि मागची गोलाई यांची अदलाबदल होती. मी हे दोन्ही मुद्दे वर्गात दरवेळी तोंडी सांगत असे, तरी चुका होतच राहिल्या. बाहीच्या कागदावर मागच्या बाजूला दोन खाचा आणि पुढच्या बाजूला एक खाच छापून दिली, तेव्हा ती अदलाबदल जवळजवळ थांबली. तोंडी सांगितलेली सूचना विसरली जाते, कागदावरची खूण मात्र कात्री चालवताना डोळ्यांसमोर असते. चांगल्या पॅटर्नची किंमत या खुणांमध्ये आहे.

पहिला पॅटर्न कोणता निवडावा

प्रत्येक विद्यार्थिनी कटोरी ब्लाउजचा, म्हणजे छातीवर वाटीच्या आकाराचे वेगळे तुकडे जोडलेल्या ब्लाउजचा, पॅटर्न मागते आणि नवी शिक्षिका त्यापासूनच आरंभ करते. माझा सल्ला नेमका उलट आहे. ब्लाउज अंगाला घट्ट बसतो, त्यात पाव इंचाची चूकही दिसते आणि एकाच छातीमापाच्या दोन स्त्रियांचे खांदे, पाठ आणि कटोरीची खोली वेगळी असते. हा पॅटर्न चौथा किंवा पाचवा असावा. पहिला पॅटर्न झबल्याचा करावा. त्याचे भाग मोजके, बसणी सैल, बंद बांधायचे असल्याने काज-बटणांची अडचण नाही, कापड थोडे लागते, आणि घरात बाळ येणार म्हटले की आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणीतरी हाताने काही शिवू इच्छितेच. त्यासोबत कुंचीचा पॅटर्न जोडता येतो. त्यानंतर परकर-पोलके घ्यावे. परदेशी पॅटर्न बाजारात पुष्कळ मिळतात, पण झबले, कुंची, परकर-पोलके यांचे नीट श्रेणीबद्ध, म्हणजे लहान-मोठ्या मापांत काढलेले, मराठीत सूचना असलेले पॅटर्न शोधूनही सहज सापडत नाहीत. लहान उद्योगाने आपली जागा तिथे करावी.

मुलांच्या पॅटर्नवर "३ ते ४ वर्षे" असे वय ठळक छापू नये. त्या वयाची दोन मुले शेजारी उभी केली तर कारण लगेच कळते. छाती आणि उंची ही दोन मापे छापावीत आणि वय केवळ अंदाजासाठी बारीक अक्षरांत द्यावे.

मूळ साचा आणि मापांची श्रेणी

कागदी पॅटर्न निरनिराळ्या मापांत विकण्याची कल्पना अमेरिकेतील शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली व्यवहारात आणली. त्यापूर्वी मिळणारे नमुने बहुधा एकाच मापाचे असत आणि ते आपल्या अंगाप्रमाणे वाढवण्याचे काम शिवणारीवर पडत असे. आज आपण वर्गात एका विद्यार्थिनीच्या मापाने जे काढतो, तेही एकाच अंगाचे रेखाटन असते. त्याचा विक्रीयोग्य पॅटर्न होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: खात्रीचा मूळ साचा, मापांचा तक्ता आणि त्या तक्त्यानुसार प्रत्येक भागाची वाढ.

मूळ साचा मधल्या मापाचा काढावा, म्हणजे लहान आणि मोठे या दोन्ही दिशांना जाताना चूक कमी वाढते. तो मांजरपाटात, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडात, शिवून पाहावा. मांजरपाट रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. कोऱ्या कापडावर घेतलेली चाचणी फसवी असते. अंगावर चढवून खांद्याची शिवण, काखेतला ताण आणि पाठीवरच्या आडव्या घड्या पाहाव्यात, पेन्सिलीने कापडावरच खुणा कराव्यात आणि त्या कागदावर उतरवून पुन्हा नवा तुकडा शिवावा. माझ्या पहिल्या पोलक्याला असे चार फेरे लागले.

श्रेणी करताना सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्ण आकृती झेरॉक्सवर सारख्या प्रमाणात मोठी करणे. अंग तसे वाढत नाही. मोठ्यांच्या कपड्यांत छाती दोन इंचांनी वाढली तर पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागाची, म्हणजे चौथाईची रुंदी अर्धा इंच वाढते. परंतु मुंढ्याची खोली साधारण दोन सूत म्हणजे पाव इंच आणि गळ्याची रुंदी फार तर एखादे सूत वाढते. खांद्याचा उतार जवळपास तसाच राहतो. हे न पाळल्यास मोठ्या मापाच्या कपड्याचा गळा खांद्यावरून घसरू लागतो, आणि ती बाई आपल्या अंगातच काहीतरी खोट आहे असे समजते, याचे मला फार वाईट वाटते. ब्लाउजपर्यंत पोहोचल्यावर बत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत एकच साचा ताणू नये. छत्तीसभोवती एक आणि बेचाळीसभोवती दुसरा असे दोन मूळ साचे काढावेत, कारण मोठ्या मापांत टक्सची (कापड अंगाला बसावे म्हणून घातलेल्या चिमटीची) खोली आणि कटोरीचा आकार दोन्ही बदलतात.

पॅटर्नच्या प्रत्येक भागावर भागाचे नाव, किती तुकडे कापायचे, उभ्या धाग्याची रेघ, घडीवर ठेवायची कड, खाचा आणि शिलाईचे मार्जिन धरले आहे की नाही हे लिहावे. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच असेल तर मांडणी कशी आणि ४४ इंच असेल तर कशी, अशा दोन्ही आकृत्या द्याव्यात. हिंदमाता किंवा मंगलदास मार्केटमध्ये उभ्या असलेल्या ग्राहकाला "किती मीटर घेऊ?" याचे उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूवर, पन्ह्यानुसार मिळाले पाहिजे. लेस, बटणे, हुक यांची यादीही तिथेच असावी, म्हणजे भुलेश्वरची दुसरी फेरी वाचते.

परक्या हातांकडून चाचणी

आपल्या विद्यार्थिनींकडून चाचणी घेऊन समाधान मानू नये. त्यांना आपली शिकवण्याची पद्धत ठाऊक असते, त्यामुळे सूचनेत राहिलेली उणीव त्या आठवणीने भरून काढतात. आपल्या वर्गात कधीही न आलेल्या आठ-दहा जणी निवडाव्यात. त्यांत निदान दोघी नवशिक्या, एखादी अनुभवी शिंपीण आणि जमल्यास सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मापाचा कपडा शिवणारी प्रत्येकी एक असावी. तीन आठवड्यांची मुदत द्यावी. त्यांनी फोन केला तर कपडा कसा शिवायचा हे समजावून न सांगता "कोणत्या पायरीवर थांबलात?" एवढेच विचारून लिहून घ्यावे, कारण आपण फोनवर समजावले की चाचणी संपली. पुढून, मागून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे, लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेले कापड यांची माहिती मागावी. मोबदला म्हणून सुधारलेला पॅटर्न आणि शक्य असल्यास कापडाचा खर्च द्यावा.

सूचना लिहिताना एका वाक्यात एकच कृती ठेवावी आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी तुकडा कसा दिसायला हवा ते सांगावे. "सुलट बाजूला सुलट बाजू लावून खांदा शिवावा, आता कापड उघडल्यावर शिवणीची कड उलट बाजूला दिसेल" अशा धर्तीचे लेखन नवशिकीला फार आधार देते. एकच भाग एका पानावर "मुंढा" आणि दुसऱ्यावर "काखेची गोलाई" असा उल्लेखू नये. शब्द ठरवावेत आणि पहिल्या पानावर त्यांचा अर्थ आकृतीसह द्यावा. सुईचा क्रमांकही लिहावा: साध्या सुती कापडाला १४, तलम मलमलीला ११.

छपाई

या पायरीवर मी सर्वाधिक पैसे गमावले. पोलक्याच्या पॅटर्नच्या चाळीस प्रती एका दुकानात छापून आणल्या, पाकिटांत भरल्या आणि विकल्याही. आठवड्यात दोघींचा निरोप आला की पोलके काखेत अडकते. प्रिंटरवर कागदात बसवण्याचा पर्याय चालू राहिल्याने सारे रेखाटन शंभरास तीनने लहान छापले गेले होते, म्हणजे २६ इंची छातीतून पाऊण इंचाहून अधिक जागा नाहीशी झाली होती. चाळीसही प्रती बदलून द्याव्या लागल्या. पॅटर्नवर छपाईचे माप तपासण्याचा चौकोन होता, परंतु तो दोन इंचांचा होता आणि मी त्यावर पट्टी ठेवली नव्हती. दोन इंचांत तीन टक्के म्हणजे अर्धे सूत, जे नजरेतून सुटते. चार इंचांत तीच चूक जवळपास एक सूत दिसते. म्हणून चौकोन चार इंचांचा छापावा, पहिल्या प्रतीवर तो दुकानातच उभा आणि आडवा दोन्ही बाजूंनी मोजावा, आणि मगच पुढच्या प्रती काढायला सांगाव्यात.

डिजिटल फाइल विकायची असेल तर दोन रूपे द्यावीत. ए-४ आकाराच्या, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरच्या पानांवर विभागलेली प्रत घरच्या प्रिंटरवर निघते. एका ए-० कागदात अशी सोळा पाने मावतात, यावरून किती चिकटवाचिकटवी करावी लागते याची कल्पना येईल, आणि मुंबईतल्या घरात तेवढी पाने पसरायला मोकळी जमीन शोधावी लागते. वास्तुविशारदांचे नकाशे छापणाऱ्या दुकानांतील रुंद प्रिंटरवर ए-० ची अखंड प्रत निघते, म्हणून दुसरे रूप त्या आकाराचे असावे. छापील साठा जमिनीपासून उंचावर आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगतो आणि घड्यांवर विरतो.

किंमत

एका पॅटर्नला साचा, फेरे, श्रेणी, चाचणी व लेखन मिळून ६० तास लागले असे धरा. वर काढलेल्या २५० रुपयांच्या दराने ते १५,००० होतात, आणि मांजरपाट व चाचणीच्या प्रतींचे ३,००० मिळवून एकूण १८,०००. छापील प्रत ३५० रुपयांना विकली आणि कागद, छपाई, पाकीट यांवर १३० गेले तर प्रतीमागे २२० सुटतात. म्हणजे ८२ प्रती गेल्यावर केवळ श्रम आणि खर्च वसूल होतात. हा आकडा आधी मांडला की शेजारच्या कोणीतरी शंभर रुपयांना नमुना देते म्हणून आपणही किंमत उतरवण्याचा मोह होत नाही. वर्गातील विद्यार्थिनीला पॅटर्न शुल्कात समाविष्ट करून द्यावा, आणि पॅटर्न घेणारीला त्याच कपड्याच्या एकदिवसीय कार्यशाळेत सवलत द्यावी. प्रत्यक्षात याच दुव्यामुळे दोन्ही बाजूंना नवी माणसे मिळत राहतात.

नोंदणी, कर आणि कर्ज

लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनाशुल्क असून आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने ऑनलाइन होते; त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. वस्तू व सेवा कराबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यासाठी नोंदणीची वार्षिक मर्यादा ४० लाख रुपये उलाढालीची आहे, परंतु सेवा देणाऱ्यासाठी ती २० लाख आहे. वर्ग ही सेवा आणि छापील पॅटर्न ही वस्तू असल्याने आपण २० लाखांचीच मर्यादा धरावी. शिवाय वस्तू परराज्यात विकली तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सर्वसाधारणपणे आवश्यक ठरते. पुण्याला पाठवलेले पाकीट आणि बेळगावला पाठवलेले पाकीट यांत म्हणूनच मोठा फरक आहे. पहिली परराज्यातील मागणी स्वीकारण्यापूर्वी कर सल्लागाराशी बोलावे. घरातच वर्ग भरवत असल्यास सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि मशिनांच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवावेत.

कर्जाबाबत मी सावध आहे. मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून त्यात प्रशिक्षण, १५,००० रुपयांचे अवजार-साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज आहे. यांचा लाभ जरूर घ्यावा, पण सलग चार तुकड्या पूर्ण भरल्याशिवाय मशिनांसाठी हप्ता डोक्यावर घेऊ नये.

माणसे आणि हक्क

पहिली मदतनीस आपल्याच जुन्या विद्यार्थिनींतून निवडावी आणि तिला तासाप्रमाणे पैसे द्यावेत. "शिकायला मिळते आहे" या नावाखाली फुकट राबवून घेणे अन्यायाचे आहे. आकृत्या किंवा डिजिटल रेखाटन बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतले तर हक्कांचे हस्तांतरण लेखी घ्यावे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हस्तांतरण लेखीच लागते आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते, असे मानले जाते. त्याचप्रमाणे दुसऱ्याचा विकत घेतलेला पॅटर्न झेरॉक्स करून वर्गात वाटू नये. झबल्याची कल्पना कोणाच्याच मालकीची नाही, परंतु एखाद्याने काढलेल्या आकृत्या आणि लिहिलेल्या सूचना त्याच्या असतात.

आवृत्ती

प्रत्येक पाकिटावर आवृत्तीचा क्रमांक व छपाईचा महिना लिहावा आणि घेणाऱ्याचे नाव व फोन क्रमांक, तिच्या संमतीने, वेगळ्या वहीत ठेवावा. चूक सापडली की दुरुस्तीचे एक पान तयार करून त्या आवृत्तीच्या सर्व ग्राहकांना पाठवावे, त्यांनी तक्रार केलेली नसली तरीही. पोलक्याच्या त्या चाळीस प्रतींनंतर मी ही वही सुरू केली. आता नवी आवृत्ती छापायला देण्याआधी ती आणि प्रश्नांची वही दोन्ही शेजारी ठेवून वाचते, आणि दोन्हींत तीनदा आलेली अडचण सुटल्याशिवाय फाइल दुकानात पाठवत नाही.